विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर आल्यावर पीसी स्लो झाला: कुठून तपासायला सुरुवात करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चौथ्या पिढीचा इंटेल आय-५, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून तुम्ही लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती टाकली. डिस्कची पार्टिशन (वेगवेगळे भाग) हाताने पाडली. मधे आणखी एक डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) शेजारी टाकून पाहिली आणि मग काढून टाकली. आता बूट व्हायला अडीच मिनिटं लागतात, ब्राउझर पहिल्यांदा उघडायला वीस-पंचवीस सेकंद जातात, यूट्यूबवर १०८०पी व्हिडिओ अडखळतो आणि फॅन मोठा आवाज करतो, पंधरा-वीस टॅब झाले की माउससुद्धा हलत नाही. आणि विचारणा अशी की आणखी हलकी डिस्ट्रो टाकू, की परत विंडोजवर जाऊ?

सध्या दोन्ही नको. या चार तक्रारींची कारणं चार ठिकाणी आहेत, आणि डिस्ट्रो बदलली तर त्यातली फार तर एक सुटेल, तीही योगायोगाने. मशीन स्लो वाटतं तेव्हा ते कशाची तरी वाट बघत असतं: डिस्कची, मेमरीची, ग्राफिक्सची किंवा जागेवर नसलेल्या एखाद्या पार्टिशनची. नेमकी कशाची, हे कळलं की उपाय बहुतेक वेळा छोटा निघतो. परतीच्या वाटेचं म्हणाल तर विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे तुमच्या मशीनवर ते अधिकृतपणे बसत नाही.

आधी बूट घेऊ, कारण ते फुकटात सुटतं. मिंट जुन्या हार्ड डिस्कवरसुद्धा साधारण मिनिटभरात डेस्कटॉपपर्यंत येतं. तुमच्याकडे त्याच्या वर दीड मिनिट जातंय, आणि हा आकडा ओळखीचा आहे. बूट होताना सगळी कामं हाकणारा जो सिस्टमडी आहे, तो यादीतलं एखादं डिव्हाइस सापडलं नाही तर ९० सेकंद थांबतो आणि मगच पुढे जातो. खात्री करायला मशीन सुरू करा आणि मिंटचा लोगो दिसताच एस्केप दाबा. लोगोच्या जागी अक्षरं येतील. त्यात ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’ अशी सुरुवात, पुढे डिस्कचा लांबलचक क्रमांक आणि शेवटी १ मिनिट ३० सेकंदांच्या दिशेने सरकणारा काउंटर दिसला, तर रोग सापडला.

हे होतं कसं? प्रत्येक पार्टिशनला एक ओळखक्रमांक असतो, यूयूआयडी. पार्टिशन फॉरमॅट झालं की तो बदलतो. तुम्ही दुसरी डिस्ट्रो टाकलीत तेव्हा तिच्या इन्स्टॉलरने बहुधा तुमचं स्वॅप पार्टिशन (रॅम भरली की तिच्यातला डेटा तात्पुरता ठेवायची डिस्कवरची जागा) स्वतःसाठी पुन्हा फॉरमॅट केलं. बूटच्या वेळी कोणती पार्टिशन जोडायची याच्या मिंटच्या यादीत अजून जुनाच क्रमांक आहे, म्हणून ते रोज सकाळी नसलेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट बघतं.

दुरुस्ती अशी करा. फाइल मॅनेजरमध्ये फाइल सिस्टम उघडा, ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये जा, मोकळ्या जागी राइट क्लिक करून ‘ओपन अ‍ॅज रूट’ घ्या. तिथे ‘एफएसटॅब’ नावाची फाइल आहे, हीच ती यादी. आधी तिची एक कॉपी होम फोल्डरमध्ये ठेवा, मग ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. शेजारी ‘डिस्क्स’ हे अ‍ॅप उघडून स्वॅप पार्टिशनवर क्लिक करा, खाली त्याचा यूयूआयडी दिसेल. फाइलमधल्या ‘स्वॅप’ शब्द असलेल्या ओळीतला क्रमांक वेगळा असेल तर नवा टाका. स्वॅप पार्टिशनच उरलं नसेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला # लावा, म्हणजे ती वाचली जाणार नाही. नुसती एक तिरकी रेघ असलेली ओळ ही मुख्य सिस्टमची आहे, तिला हात लावू नका. डेटाच्या पार्टिशनची ओळ असेल तर तिच्या पर्यायांमध्ये स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ हा पर्याय वाढवा. मग ती डिस्क कधी जोडलेली नसली तरी बूट अडून बसणार नाही.

याच गोंधळाचा एक धाकटा भाऊ आहे. ‘ईटीसी’ मध्येच ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ फोल्डर, त्यात ‘कॉन्फ-डी’, आणि त्यात ‘रिझ्यूम’ नावाची छोटी फाइल असू शकते. तीत जुना स्वॅप क्रमांक राहिला तर आणखी अर्धा मिनिट जातं. ती फाइल असेल तर तिथेही नवा क्रमांक टाका आणि टर्मिनलमध्ये ‘sudo update-initramfs -u’ हा आदेश चालवा. हा आदेश विसरला तर फाइल बदलूनही काही फरक पडत नाही, कारण बूटच्या वेळी वाचली जाते ती आधीच बांधून ठेवलेली प्रत.

काम झालं का हे घड्याळ लावून बघायची गरज नाही. टर्मिनलमध्ये ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ’ एवढंच लिहून एंटर दाबा. कर्नलला (सिस्टमच्या गाभ्याला) किती वेळ गेला आणि यूजरस्पेसला (त्यानंतर सुरू होणाऱ्या बाकी सगळ्याला) किती, असे वेगळे आकडे येतात. कर्नलचा आकडा ३० सेकंदांच्या वर असेल तर बहुधा रिझ्यूमची भानगड. यूजरस्पेसचा ९० च्या वर असेल तर एफएसटॅब. याच आदेशापुढे ‘ब्लेम’ लिहिलं की सर्व्हिसेसची (मागे चालणाऱ्या कामांची) वेळेनुसार यादी येते, पण तिच्यावर विसंबून सर्व्हिसेस बंद करत सुटू नका. त्या एकाच वेळी समांतर चालतात. ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ यादीत वर दिसतं म्हणून लोक त्याच्या मागे लागतात, पण साध्या घरगुती डेस्कटॉपवर तुमची स्क्रीन सहसा त्याच्यासाठी थांबलेली नसते. खरा खोळंबा कुठे आहे ते ‘ब्लेम’ ऐवजी ‘क्रिटिकल-चेन’ लिहिल्यावर कळतं.

आता ब्राउझर. एक चाचणी करा. मशीन नुकतं सुरू झालेलं असताना ब्राउझर उघडा आणि सेकंद मोजा. बंद करा, लगेच पुन्हा उघडा, पुन्हा मोजा. पहिल्यांदा २५ आणि दुसऱ्यांदा ४ सेकंद लागले, तर दोष ना प्रोसेसरचा ना मिंटचा. दुसऱ्या वेळी त्याच फाइल्स रॅममधल्या कॅशमधून आल्या, पहिल्या वेळी डिस्कवरून. म्हणजे वरची २१ सेकंदं डिस्कने खाल्ली.

का खाल्ली ते हिशेबाने बघू. ७२०० आरपीएमच्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. हेड सरकायला आणखी ८-९. एका तुकड्यामागे साधारण १२-१३ मिलिसेकंद, म्हणून विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास. ब्राउझर उघडताना असे शेकडो-हजारो छोटे तुकडे लागतात. एसएसडीला (चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कला) ना फेरा ना हेड, ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनी देते. दोन्हींमधला फरक पटींमध्ये आहे, टक्क्यांमध्ये नाही, म्हणून कोणतीही सेटिंग त्याची जागा घेऊ शकत नाही.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट असण्याची शक्यता आहे. विंडोज आधीपासून असलेल्या डिस्कवर लिनक्सला जागा करून देताना बहुतेक लोक शेवटचा भाग कापून देतात. हार्ड डिस्कची सुरुवात बाहेरच्या कडेला असते आणि शेवट आतल्या कडेला. आतल्या कडेला एका फेऱ्यात कमी डेटा जातो, त्यामुळे तिथला सलग वाचनाचा वेग बाहेरच्या जवळपास निम्माच असतो. विंडोज डिस्कच्या वेगवान भागात होतं आणि मिंट संथ भागात बसलं, असं झालं असेल तर ‘आधीपेक्षा स्लो’ हे तुमचं वाटणं अगदी बरोबर आहे. हे डोळ्यांनी बघता येतं: ‘डिस्क्स’ मध्ये वरच्या मेनूतून ‘बेंचमार्क डिस्क’ घ्या, लिहिण्याच्या चाचणीवरची खूण काढा, फक्त वाचनाची चाचणी चालवा. आलेख डावीकडून उजवीकडे उतारासारखा खाली येतो. तो गुळगुळीत उतरत असेल तर डिस्क निरोगी आहे. मधेच खोल खड्डे पडत असतील तर पुढचं वाचा.

त्याच मेनूत ‘स्मार्ट डेटा’ आहे. तिथे तीन क्रमांकांच्या ओळी बघा. ५ म्हणजे खराब होऊन दुसरीकडे हलवलेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय बाकी असलेले सेक्टर. या दोन्ही ओळींच्या शेवटच्या आकड्यात शून्य हवं. १९७ मध्ये काही असेल तर डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि सगळं मशीन काही सेकंद गोठतं, शिवाय डेटाही धोक्यात असतो. मग वेगाचा विषय बाजूला ठेवा आणि आजच बॅकअप घ्या. तिसरी ओळ १९९. तो आकडा दिवसागणिक वाढत असेल तर डिस्क ठीक असण्याची शक्यता जास्त आणि साटा केबल सैल किंवा खराब असण्याची. केबल काढून नीट बसवा, नाहीतर बदला. आकडा मागे येत नाही, वाढायचा थांबला की झालं.

या मशीनसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: २.५ इंची साटा एसएसडी, २५० जीबीच्या आसपासची, फक्त सिस्टमसाठी. हार्ड डिस्क डेटासाठी राहू द्या. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) कार्ड अ‍ॅडॉप्टरवर लावायच्या मागे पडू नका, त्या काळातले बहुतेक बोर्ड त्यावरून बूट होत नाहीत. बायोसमध्ये जाऊन साटा मोड जुन्या आयडीईवर असेल तर नव्या एएचसीआयवर आणा. विंडोज यावर कुरकुर करतं, लिनक्सला सहसा काही वाटत नाही.

इन्स्टॉल करताना एक काळजी घ्या, इथे पुष्कळ लोक अडकतात. मिंट एसएसडीवर टाकत असताना जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर कधी कधी सिस्टम नव्या डिस्कवर टाकतो आणि बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) जुन्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूटच्या फाइल्सच्या भागात. सगळं चालतंय असं वाटतं, आणि वर्षभराने जुनी डिस्क काढली की मशीन बूटच होत नाही. केबल काढलेली असेल तर ही चूक होऊच शकत नाही. इन्स्टॉल झाल्यावर केबल परत लावा आणि जुन्या होम फोल्डरमधून फाइल्स आणा. कंट्रोल-एच दाबलं की लपलेले फोल्डरही दिसतात, ब्राउझरची प्रोफाइल त्यातच असते. ट्रिमसाठी (पुसलेल्या फाइल्सची जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणं) वेगळं काही करायला नको, मिंट ते दर आठवड्याला आपोआप करतं.

टॅब वाढले की माउससुद्धा अडकतो, ही मेमरीची तक्रार आहे. पण आधी आकडा नीट वाचा. लिनक्स मोकळी रॅम डिस्कच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडताच सोडून देतं, म्हणून ‘फ्री’ चा आकडा लहान दिसणं हे चांगलं लक्षण आहे. बघायचा तो ‘अव्हेलेबल’. सिस्टम मॉनिटरमध्ये रिसोर्सेस उघडा ठेवून एकेक टॅब वाढवत जा. मेमरीची रेषा माथ्याला टेकली, स्वॅपची रेषा चढायला लागली आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग पेटून राहिला, त्याच क्षणी माउस अडकत असेल तर शंका उरत नाही. रॅम भरली, तिच्यातला डेटा स्वॅपमध्ये चालला आहे आणि स्वॅप त्याच सेकंदाला ऐंशी तुकडेवाल्या डिस्कवर आहे.

खरा उपाय दुसरी ८ जीबीची स्टिक. डेस्कटॉपची डीडीआर-३ हवी, लॅपटॉपची आखूड असते आणि बसत नाही. याचा दुहेरी फायदा आहे. चौथ्या पिढीत १६०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त १२.८ जीबी देते, दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये बसल्या की त्याच्या दुप्पट. तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे आणि तेही याच रॅममधून खातं, त्यामुळे खिडक्या हलवणं, स्क्रोल करणं यातही फरक जाणवतो. बोर्डवर चार स्लॉट असतील तर ड्युअल चॅनलची जोडी कोणती ते बोर्डच्या माहितीपत्रकात बघून लावा, शेजारचे दोन स्लॉट नेहमीच जोडीतले असतात असं नाही.

रॅम येईपर्यंत झेडरॅम लावा. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘झेडरॅम-टूल्स’ घ्या आणि त्याच्या सेटिंग फाइलमध्ये पर्सेंट ५० करा. यात स्वॅप डिस्कऐवजी रॅममध्येच दाबून ठेवला जातो. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, पण हार्ड डिस्कच्या तुलनेत ते काहीच नाही. ‘स्वॅपीनेस (स्वॅप किती सढळ वापरायचा याचा आकडा) ६० वरून १० करा’ हा सल्ला सगळीकडे दिसेल. स्वॅप हार्ड डिस्कवर असताना तो ठीक आहे. झेडरॅम लावल्यावर मात्र तो उलटा पडतो, कारण आता स्वॅप स्वस्त झाला आहे आणि तो वापरला गेलेलाच बरा.

व्हिडिओचं कारण यातल्या कशातच नाही. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीच्या) ओळीत एव्हीसी१ आहे, व्हीपी०९ आहे की एव्ही०१? तुमच्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये एच.२६४ उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे, तेच इथलं एव्हीसी१. व्हीपी९ ची पूर्ण सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ ची अकराव्यापासून. यूट्यूब तुम्हाला शेवटच्या दोनपैकी एक पाठवत असेल तर सगळी उलगड प्रोसेसरच्या डोक्यावर येते, म्हणून फॅनचा आवाज. ब्राउझरमध्ये ‘एच२६४ इफाय’ नावाचं एक्स्टेंशन टाका, ते एच.२६४ च मागवतं. त्याने १०८०पी पर्यंतच व्हिडिओ मिळतो, तुम्हाला तेवढाच हवा आहे. सोबत ‘आय९६५-व्हीए-ड्रायव्हर’ हे पॅकेज बसलेलं आहे ना ते बघा. नवं ‘इंटेल-मीडिया’ ड्रायव्हर पाचव्या पिढीपासूनचं आहे, ते तुमच्या चिपला चालत नाही. फायरफॉक्स ११५ पासून लिनक्सवर इंटेलसाठी हार्डवेअर डिकोडिंग आपोआप चालू असतं.

नुसत्या खिडक्या हलवतानाही प्रोसेसर चढत असेल तर सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ग्राफिक्सच्या भागात रेंडरर (चित्र कोण रंगवतो ते) बघा. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर ग्राफिक्स चिप वापरलीच जात नाही, सगळं चित्र प्रोसेसर रंगवतोय. इन्स्टॉल करताना कॉम्पॅटिबिलिटी मोड निवडला असेल तर ‘नोमोडसेट’ हा बूटचा पर्याय मागे राहिलेला असू शकतो. ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगमधून तो काढा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा, रीस्टार्ट करा.

उष्णतेचंही एकदा बघून घ्या. जड काम चालू असताना तापमान ९० च्या पुढे राहत असेल तर धूळ काढून हीटसिंकची पेस्ट बदलायची वेळ झाली आहे, कारण १०० च्या आसपास प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

‘क्लीनर’ प्रकारची अ‍ॅप्स टाकू नका. ती कॅश पुसतात, म्हणजे पुढच्या वेळी तेच सगळं पुन्हा त्याच डिस्कवरून येतं. ‘मिटिगेशन्स ऑफ’ करण्याचा सल्लाही सोडून द्या. तुमच्या प्रोसेसरमधल्या जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटींवरची ती ठिगळं आहेत, आणि ब्राउझर वापरणाऱ्या मशीनवर ती काढायची नसतात.

राहिला हलक्या डिस्ट्रोचा प्रश्न. मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती सिनॅमनपेक्षा काहीशे एमबी कमी रॅम घेते आणि ग्राफिक्सवर कमी भार टाकते. रॅम ४ जीबी असती तर मी तीच सुचवली असती. तुमच्या ८ जीबीत खरा भार ब्राउझरचा आहे आणि तो दोन्हीकडे सारखाच. तरी बघायचं असेल तर पुन्हा इन्स्टॉल करू नका: सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एक्सएफसीई डेस्कटॉप टाका, लॉगिनच्या स्क्रीनवर सेशन बदला, आठवडाभर वापरा, पटलं नाही तर तिथूनच सिनॅमनवर परत या. फक्त त्याआधी एफएसटॅबची ती ओळ दुरुस्त केलेली असू द्या, नाहीतर दीड मिनिट दोन्ही सेशनमध्ये तितकंच जाईल.